रसायनातला क

१२ जून

अगं,

आपल्या खडेबाईचा निकाल लागला.

फोन करू नका म्हणालीस म्हणून पत्र लिहितोय. माझा आवाज ऐकला की तुला तिचा ऐकू येतो म्हणालीस. ठीक आहे, कागदाला आवाज नसतो. शाळा सोडल्यापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती माझ्यावर. फार तर ‘लिफ्ट बंद आहे, जिना वापरा’. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

ती जाऊन दोन महिने होत आले आणि बोर्डाने आज सकाळी तिच्या फोनवर मेसेज पाठवला, ‘अभिनंदन’. कोणाचं अभिनंदन करताय रे गाढवांनो! तिचा फोन मी रोज चार्ज करतो. तुला आवडणार नाही, पण करतो. मी दाढी करत होतो, तो ओट्यावर वाजला, आणि क्षणभर मला वाटलं की ती आत कुठेतरी आहे, आता धावत येऊन उचलेल. तोंडाला साबण तसाच राहिला.

गणित अ अधिक. भौतिक अ. रसायन क.

विद्यापीठाचा तो कागद अजून फ्रिजवर आहे, तिनेच चुंबकाने लावलेला. भूगर्भशास्त्राला जागा देऊ, पण अट अशी, गणित अ, भौतिक अ, रसायन ब. मी एका हातात फोन धरून फ्रिजसमोर उभा राहिलो आणि कागदावरची अक्षरं एकेक करून लावून बघितली. अ ला अ अधिक, म्हणजे एक पायरी जास्तच. अ ला अ, बरोबर. ब ला क. आता हे पुरतं की नाही पुरत? वरची एक पायरी खालच्या एका पायरीला भरून काढते की नाही? काही कळेना.

म्हणून समोरच्या मास्तरांकडे गेलो. रिटायर झाले तरी कानावर पेन्सिल असतेच त्यांच्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज केली, सरासरी काढली आणि म्हणाले, “इकडचं तिकडे गेलंय, एकूण सारखंच. मिळाली समजा.” मग एकदम त्यांना आठवलं. पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा पुसत बसले.

मिळाली म्हणे. म्हणून तुला कळवलं.

‘तुम्हाला निकाल हवा, मला मुलगी हवी’ असं म्हणून तू बॅग भरलीस. मुलगी मला नको होती काय गं? पण तू गेलीस ते गेलीस. मला एकच गोष्ट नीट कळायला हवी, तिला ती जागा मिळाली असती की नसती. मास्तरांच्या पेन्सिलीवर माझा भरवसा नाही. मी विद्यापीठात जाऊन विचारून येणार आहे.

मी बरा आहे. जेवण वेळेवर असतं. अंडी उकडतो.

तुझा मी


१९ जून

अगं,

उत्तर नाही आलं तरी मी लिहिणार. तुझी बहीण पत्र फाडणारी नाही आणि साडू उघडून वाचणारे नाहीत, म्हणजे पत्र तुझ्या हातात पडतंय एवढं नक्की.

विद्यापीठात गेलो होतो. प्रवेशाचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला चार मजले चढायला लावले. धापा टाकत वर पोचलो. जाता जाता तळमजल्यावर डोकावलो तर मेन स्विचला कोणाचं तरी कुलूप. म्हणजे कोणीतरी काम अर्धवट टाकून गेलाय. दुसरा कोणी असता तर मी चार शिव्या हासडल्या असत्या. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? तुला ते आठवतंच. तुझा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी पाच मजल्यांच्या त्या इमारतीत गच्चीवर मशीनरूममध्ये होतो. स्विचला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि मी तसाच पळालो. आमच्यात नियमच आहे, ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं, नाहीतर वर काम चालू असताना खाली कोणी शहाणा बटण दाबायचा. माझा मदतनीस, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करतो, पण त्यानेही ते तोडलं नाही, आणि माझ्याकडे किल्ली मागायला यायची हिंमत कोणाचीच झाली नाही. आठवडाभर सगळी बिऱ्हाडं जिन्याने चढली. पाचव्या मजल्यावरच्या आजी तर खाली उतरल्याच नाहीत. शेवटी तूच माझ्या पँटच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, “जा, उघडून या.”

असो. ऑफिसबाहेर एक लांब बाक आहे. माझ्या शेजारी एक मुलगी होती, दोन वेण्या, अंगात कोणाचा तरी ढगळ स्वेटर. स्वेटर मामाचा, आणि मामा तिच्या पलीकडे बस-ड्रायव्हरच्या गणवेशात बसल्या बसल्या घोरत होता. ड्युटी संपवून भाचीबरोबर आलेला. पोरीने मला अर्धं बिस्कीट दिलं आणि विचारलं, “काका, कोणासाठी आलात?”

“मुलीसाठी.”

मी तिला गुण दाखवले, अट दाखवली, मास्तरांची सरासरीही सांगितली. तिने लगेच मान हलवली. “नाही हो काका. सरासरी नाही चालत. प्रत्येक विषय आपापल्या पायावर उभा पाहिजे. गणित कितीही चांगलं असलं तरी ते रसायनला उचलून धरत नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला बघ. मलाच कळायला हवं होतं हे! लिफ्टच्या चार दोरांत तीन नवेकोरे आणि एक झिजलेला असला तर सरासरी चांगली आहे म्हणून आपण माणसं सोडतो का आत? नाही सोडत. मास्तरांचं गणित बरोबर, पण प्रश्न चुकीचा होता.

म्हणजे नाही मिळाली. एका पायरीने राहिली.

मी नुसता बसून राहिलो असेन, कारण तिने मामाला ढोसून उठवलं आणि त्याच्या बाटलीतलं पाणी मला दिलं. मग मी सांगितलं की रसायनच्या दिवशी खडेबाईला ताप होता. तशी ती पोरगी उठून उभीच राहिली. म्हणाली, “मग आजारपणाचा अर्ज करा ना! डॉक्टरचं पत्र लावायचं. ते पूर्वीच्या परीक्षा, प्रात्यक्षिकं सगळं बघतात आणि एक पायरी वाढवू शकतात. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.” कोणत्या खिडकीवर जायचं, कोणता अर्ज मागायचा, सगळं सांगितलं. स्वतः कुठल्याशा यादीत आहे म्हणे, जागा रिकामी झाली का बघायला रोज येते.

मग विचारलं, “ताई स्वतः का नाही आली?”

मी म्हटलं, बरी नाहीये.

आता यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हण.

तुझा मी


२८ जून

अगं,

साडूंचा फोन आला. घसा खाकरत, हवापाण्याची चौकशी करत करत शेवटी म्हणाले, “ती म्हणते, आता थांबा.” बिचाऱ्याला उगीच मधे घातलंस. थांबा म्हणायचं असेल तर मला लिही की! दोन ओळी लिहायला काय होतं?

मी थांबणार नाही. अर्ज दिला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परीक्षेच्या आठवड्यात ती आपल्याला न सांगता त्याच्याकडे जाऊन आली होती ना, त्याच्या वहीत तारखेसकट नोंद आहे. तो माझ्याकडे बघेना. मान खाली घालून लिहीत राहिला, रसायनच्या सकाळी ताप एकशेतीन. सही केली, शिक्का मारला आणि शिक्का हातात धरूनच म्हणाला, “त्या दिवशी साधा ताप वाटला हो.” मी म्हटलं, डॉक्टर, सगळ्यांनाच वाटला. पुढचा पेशंट आत आला म्हणून सुटलो.

अर्जावर पालकाची सही चालते, ती सतराची म्हणून. प्रवेशाच्या खिडकीवर एक बाई बसतात, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर. कागद वाचून म्हणाल्या, “अरे रे. आता बरी आहे ना?”

मी म्हटलं, हो.

काय म्हणायला हवं होतं? तू सांग. मागे वीस माणसं रांगेत उभी, त्या बाई शिक्का उचलून बसलेल्या. खरं सांगितलं असतं तर त्यांनी अर्ज घेतला असता का? कशाला घेतील? नसलेल्या मुलीचा क सुधारून कोणाला काय मिळणार! पण मला तो सुधारून हवा आहे. का, ते मी तुला अजून सांगितलं नाही. सांगणारही नव्हतो. पण तू थांबा म्हणतेस, मग ऐकच.

शेवटच्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी तिच्या उशाशी होतो. तिने डोळे उघडले. अगदी स्वच्छ, ताप नसल्यासारखे. म्हणाली, “बाबा, रसायन वाईट गेलंय. चालेल का?”

मी म्हटलं, “चालेल काय, धावेल!”

“खरंच?”

“खरंच.”

मग हसली आणि झोपली. तू वर आलीस तेव्हा झोपलेलीच होती, आणि पुढे उठली नाहीच.

तेव्हा आता कळलं? माझ्या तोंडचं शेवटचं वाक्य ऐकून गेली ती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मला रसायनमधलं शष्प कळत नाही, तरी खरंच म्हणालो आणि तिने ऐकलं. मी तिला खरं सांगून पाठवलं की खोटं, एवढंच मला कळू दे गं. त्यासाठी मला चार काय चाळीस मजले चढायला लावा, मी चढेन. लिफ्ट नको मला.

तिचे दगड मी हलवलेले नाहीत. खिडकीत आहेत तसेच. धुण्याच्या मशीनमधून काल पुन्हा एक निघाला. कुठे अडकून बसला होता कोण जाणे. तिच्या खिशांनी मशीनचं वाटोळं केलं म्हणून तू ओरडायचीस आणि तूच तिला खडेबाई म्हणायला लागलीस. हा निघाला तो अंगठ्याएवढा, हिरवट. धुऊन धुऊन गुळगुळीत झालाय. मी तो मशीनच्या वर ठेवलाय. तुला हवा असेल तर पाठवतो, नाहीतर राहू दे.

तुझा मी


९ जुलै

अगं,

चाललं असतं!

अर्ज मंजूर झाला. रसायनला ब धरला. काल मेसेज आला आणि मी आज कामावर दांडी मारून गेलो. चष्मेवाल्या बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात हातात घेतला. “तुमच्या मुलीची जागा पक्की,” म्हणाल्या. भूगर्भशास्त्र, पहिलं वर्ष, तिचं नाव, तिचा नंबर. अगं, मी खोटं बोललो नव्हतो! धावलं असतं! चारही मजले मी उड्या मारत उतरलो, जिन्यात एका प्राध्यापकासारख्या दिसणाऱ्या माणसाला धडकलो आणि त्यालाच म्हटलं, “मुलीला ॲडमिशन मिळाली.” त्याने पाठ थोपटली माझी.

खाली फाटकापाशी आलो आणि कोणाला फोन करावा म्हणून खिशात हात घातला. दोन फोन हाताला लागले, माझा आणि तिचा. तिथेच कठड्यावर बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे, वॉचमन येऊन विचारून गेला, काही होतंय का म्हणून.

संध्याकाळी पान्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, हातातला पाना फडक्याने पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाला, “बरं झालं. आणि आता?”

आणि आता. त्यालाच सुचायचं हे.

तुला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. म्हणजे लपवली असं नाही, सांगायचं टाळलं. ती दोन वेण्यांची पोरगी ज्या यादीत आहे ना, ती भूगर्भशास्त्राचीच. पहिला नंबर. एक जागा रिकामी झाली की तिची. खडेबाई एका पायरीने राहिली असती तर ती जागा सरळ या पोरीला मिळाली असती. मला हे दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. तरी मी अर्ज दिला.

आज ती बाकावर होती. मामा आज नव्हता, स्वेटर होता. मला बघितल्याबरोबर म्हणाली, “झालं ना काका? मला वाटलंच होतं!” तोंड भरून हसली, पण वेणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. मला राहवेना. मी विचारलं, “अर्जाचं तू मला सांगितलंस तेव्हा तुला कळलं नव्हतं का, तुझं काय होईल ते?”

“कळलं होतं की.”

“मग का सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत म्हणून,” ती म्हणाली. जसं काही मी तिला पोस्ट कुठे आहे ते विचारलं होतं!

आता ऐक. वीस जुलैपर्यंत विद्यार्थिनीने स्वतः येऊन सही करायची. नाही आली तर जागा रद्द, पण त्याच दिवशी यादीही बंद. म्हणजे कोणालाच नाही, वर्षभर तशीच रिकामी राहणार. दुसऱ्याला द्यायची तर आधी जाऊन नको म्हणून लेखी सांगावं लागतं, कारणासकट. चष्मेवाल्या बाईंनी मला हे सहज सांगितलं, जसं सगळ्यांना सांगतात तसं.

मी ठरवलंय, मी जाणार नाही.

राहू दे रिकामी. काय बिघडतं? चोवीस पोरं वर्गात बसतील म्हणे. तेवीस बसतील. एक बाक मोकळा राहील, हजेरीत एक नाव राहील. घरातली तिची खुर्ची तू भिंतीला लावलीस. शाळेने तिचं नाव कमी केलं. हॉस्पिटलने पलंग दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिला, चादर बदलून. सगळ्यांना घाई! कुठेतरी एक वर्ष, फक्त एक वर्ष, तिची म्हणून एक जागा राहू दे. कमावलेली आहे तिने. एकशेतीन तापात कमावलीये. मी का सोडू? कोणाला म्हणून सोडू?

मला जास्त लिहवत नाही आता.

तुझा मी


१४ जुलै

अहो,

तुमची सगळी पत्रं वाचली. अठ्ठावीस जूनचं पुन्हा पुन्हा वाचलं.

रसायनचं तिने मलाही विचारलं होतं, आदल्या दिवशी. मी म्हटलं, “आधी बरी हो, मग बघू रसायनचं.” त्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. म्हणून पुन्हा तुम्हाला विचारलं असणार. तुम्ही धावेल म्हणालात ते फार बरं केलंत. मला नव्हतं सुचलं. मी रागावून निघून आले ते तुमच्या निकालावर नाही रागावले. तुमच्याकडे करायला काहीतरी होतं आणि माझ्याकडे काहीच नव्हतं.

आता मी लिहिते ते शांतपणे ऐका. चिडू नका.

पाचव्या मजल्यावरच्या त्या आजी आठवतात ना? तुम्ही कुलूप काढून आलात त्या दिवशी मी खाली रिक्षात बसले होते. आजी आठवडाभराने खाली आल्या, फाटकापर्यंत चालल्या आणि नुसत्या उन्हात उभ्या राहिल्या. तुम्ही बघितलं नाहीत, तुम्ही वर होतात. त्यांना माहीत नव्हतं आपलं काय झालंय ते. त्यांना एवढंच माहीत होतं की लिफ्ट बंद आहे.

ती पोरगी रोज चार मजले चढतेय. तिलाही काही माहीत नाही.

कुलूप तुमचं आहे. दुसरं कोणी काढणार नाही, काढूही शकत नाही. या खेपेला किल्ली हातात द्यायला मी तिथे नाही, म्हणून लिहितेय.

आणि अंडी उकडणं म्हणजे जेवण नव्हे. सारखं ‘मी बरा आहे’ लिहू नका. मला दिसतं ना, अक्षर कसं आहे ते.

हिरवा दगड पाठवू नका. हरवेल वाटेत.


१९ जुलै

अगं,

चिडलो होतो. दोन दिवस तुझं पत्र ओट्यावर पालथं घालून ठेवलं होतं. आज गेलो.

तिथली लिफ्ट सुरू झालीये. कुलूपवाला आला असावा. तरी मी जिन्यानेच गेलो. वर पोचायची घाई नव्हती.

बाक रिकामा होता. खिडकीवर चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “काय हो, मुलीला नाही आणलंत? उद्या शेवटचा दिवस.” मी म्हटलं, ती येणार नाही, जागा सोडायची आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. “एवढी धडपड केलीत आणि आता सोडता? दुसरीकडे मिळालं का?” त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर कारणांची यादी उघडली होती. दुसरीकडे प्रवेश, आर्थिक अडचण, स्थलांतर, इतर. त्यांचं बोट वर थांबलेलं. “काय लिहू?”

अगं, हा शब्द मी आजपर्यंत तोंडातून काढलाच नव्हता. तुझ्या लक्षात आलं होतं का? मी गेली म्हणतो, नाही म्हणतो, त्या दिवसापासून म्हणतो. साडूंनाही फोनवर तूच सांगितलं होतंस, कामावर पान्याने सांगितलं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, “वारली. सतरा एप्रिलला.”

बाईंनी आधी डोळ्यांवरचा चष्मा काढला, मग डोक्यावरचा. म्हणाल्या, “पण तुम्ही तर म्हणाला होतात की...” मी म्हटलं, म्हणालो होतो. “मग हे सगळं कशासाठी केलंत?” मी म्हटलं, “तिने विचारलं होतं. चालेल का म्हणून.”

मला वाटलं होतं की त्या रागावतील, खोटं बोललो म्हणून कुठेतरी पाठवतील. त्यांनी काय केलं माहीत आहे? कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिचं नाव, खाली तिन्ही विषय, आणि पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पात्र. तिथे बोट ठेवून म्हणाल्या, “बघून घ्या नीट. कागदावर काढून देऊ का?”

मी म्हटलं, नको. बघितलं तेवढं पुरे.

मग त्यांनी ‘इतर’वर बोट ठेवलं, मी सही केली, आणि स्क्रीन परत त्यांच्याकडे वळला. झालं. सही नीट आली. तू बघितली असतीस तर हसली असतीस, लिफ्टच्या रजिस्टरवर करतो तशी लांबलचक.

मी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर होतो तेवढ्यात वरून चपलांचा धडधड आवाज. दोन वेण्या. मी उतरेपर्यंत ती लिफ्टने वर गेली असणार आणि बाईंनी तिथेच सांगितलं असणार, जागा मिळाली म्हणून. कारण सांगितलं नव्हतं, ते मला तिच्या तोंडावरूनच कळलं. धाप लागलेली, रडत होती आणि हसत होती, मामाचा स्वेटर एका खांद्यावरून घसरलेला. खाली मामा बस फाटकातच उभी करून वर बघत होता, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

“काका, ताईला दुसरीकडे मिळालं का?”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

“काका, ताईला सांगा हं, थँक्यू म्हणावं. नक्की सांगा.”

“सांगतो,” मी म्हटलं. खिशात तो हिरवा दगड होता, घरून निघताना का घेतला कोण जाणे. तिच्या हातावर ठेवला. तिने उजेडात धरला, अंगठ्याने घासला आणि कसलंसं लांबलचक नाव घेतलं त्याचं. खडेबाई घ्यायची ना, अगदी तसंच, आपल्याला काही कळणार नाही हे माहीत असून. तुला न विचारता देऊन टाकला. रागावू नकोस.

घरी आलो ते सरळ तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. रसायन चाललं, ही एक. आणि त्या पोरीने थँक्यू म्हटलंय, ही दुसरी. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नाही जमलं गं. एवढ्याशा चार शब्दांसाठी मी तिथे चौकटीला धरून उभा आहे, अजून, आणि तिथूनच हे लिहितोय, दाराला कागद टेकवून.

मी त्या पोरीला शब्द दिलाय. एकट्याला नाही होत. तू ये. दोघं मिळून सांगू तिला.

तुझा मी